ओबो नव्हता तेव्हा

कवाला बंदराच्या वर, तंबाखूच्या गोदामात
आम्ही अकरा जण होतो. खुर्च्या नऊ.
चेलोवाले दोघं तंबाखूच्या गासड्यांवर बसत,
आणि घरी गेल्यावर बायका विचारत,
वाजवून आलात की ओढून?

ऑर्केस्ट्रा सूर लावतो ओबोच्या 'ला'वर.
आमच्याकडे ओबो नव्हता.
अनेस्तिस होता. लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचा,
पोटासाठी मासळीबाजारात बर्फ फोडायचा.
त्याचा 'ला' केसभर चढा.
सांगून पाहिलं. म्हणाला,
ढोलापुढे सूर दबला की लग्न दबतं.
मग आम्हीच चढलो. सगळे. केसभर.

मी थेक्ला. वादक नव्हे,
कागदांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.
रात्री शिवणयंत्राच्या फळीवर
एकेका वाद्याची वही हातानं उतरवायची.
पहाटे डोळा लागायचा,
आणि दुसऱ्या व्हिओलांचा एक सूर गळायचा.
त्या सुरावाचून त्यांनी सात वर्षं काढली,
टाळ्या घेतल्या,
नगराध्यक्षांशी हात मिळवले.

पेन्सिलीच्या खुणा मी खोडत नाही.
'इथे श्वास.'
'इथे पोलिक्सेनीकडे बघ.'
'सावकाश, कंडक्टरचा गुडघा दुखतोय.'
आणि एका समासात कुणाची तरी यादी:
साबण, मीठ, दोन तारा.

सव्वीस झालो. मग चाळीस.
नगरपालिकेनं छप्पर दिलं, गळकं.
टिंपनीवर थेंब पडायचा
आणि कंडक्टर मान वर करून झापायचा त्याला,
अर्धी मात्रा आधी आलास म्हणून.

मग ती वर्षं. पगार आधी अर्धा झाला,
नंतर 'पुढच्या महिन्यात' झाला.
ओव्हरकोट घालून वाजवलं, बोटं कापलेल्या हातमोज्यांनी.
सभागृह एवढं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
घरोघरी हीटर बंद,
इथे निदान दोनशे माणसांची ऊब.
तिकिटाऐवजी कुणी तेलाचा डबा ठेवी,
कुणी लाकडांचा भारा.
त्या हिवाळ्याचा हिशेब माझ्या वहीत आहे, लिटरमध्ये.

स्तामातिया आली ती त्याच सुमारास.
जाळी विणणाऱ्याची पोर, थेसालोनिकीला शिकलेली,
काखेत काळी निमुळती पेटी.
स्टँडवर तिनं छोटं यंत्र ठेवलं, हिरवा दिवा लागला,
आणि तिनं 'ला' दिला:
विहिरीच्या पाण्यासारखा, थंड, बरोबर.
आम्ही एकेक करून खाली उतरलो.
अनेस्तिसनं ओठांशी नेलेला क्लॅरिनेट मांडीवर घेतला,
ऐकत राहिला.
पुढच्या तालमीला निरोप आला, बर्फ फोडायचाय.
त्याच्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवू लागलो.

बाकी सगळं माहितीपत्रकात छापलंय.
बक्षिसं तीन, दौरे नऊ.
ग्राझला बासष्ट जण, दोन बसगाड्या,
चार वेळा परत मंचावर बोलावलं.
वर्तमानपत्राचं कात्रण फ्रेम करून
स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावलंय.
येता-जाता सगळ्यांच्या नजरेस पडतं.

अनेस्तिस गेला मार्चमध्ये.
चर्चमध्ये वाद्यं चालत नाहीत,
म्हणून आम्ही दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे राहिलो,
वाऱ्यात, कपड्यांचे चिमटे लावलेले कागद घेऊन.
स्तामातियानं यंत्र काढलं,
हिरव्या दिव्याकडे पाहिलं,
आणि ते बंद करून खिशात टाकलं.
'ला' दिला.
केसभर चढा.

कुणी कुणाकडे बघितलं नाही.
फक्त खुंट्या पिळल्याचा आवाज,
जुनी दारं उघडावीत तसा.

सोमवारच्या तालमीला पुन्हा खाली उतरलो.
एक म्हातारा चेलो तेवढा वरच राहिला,
विसरून की मुद्दाम, कुणास ठाऊक.
कंडक्टरचा कान पक्का. त्याला कळलं असणारच.
त्यानं पान उलटलं.